सुकटीपलीकडचा समुद्र : दोन मत्स्यालये पाहून

मराठवाड्यातील एकाही जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही समुद्रातले प्राणी आमच्या घरांत नाहीत, असे म्हणता येत नाही. आठवडी बाजारात पोत्यावर ओतलेली सुकट, तिच्या शेजारी मांडलेले बोंबील, देवघरातला शंख, तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ, काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून मिळणारा समुद्रफेस, हे सारे समुद्रातूनच आलेले आहे. फक्त आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते पूर्ण वाळलेले असते. त्यामुळे मत्स्यालय पाहायला जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसाची गरज किनाऱ्यावरच्या माणसाहून वेगळी ठरते. ज्याने बाजारात रोज ताजे पापलेट पाहिले आहे, त्याला मत्स्यालयात काही तरी परदेशी आणि रंगीबेरंगी पाहावेसे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. आम्हाला मात्र आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावरचे प्राणी जिवंतपणी कसे हलतात, कसे खातात आणि श्वास कसा घेतात, हेच आधी पाहायचे असते. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, हे आमची मुले पाठ करतात. त्या किनाऱ्याच्या पाण्यात राहते कोण, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

या एकाच कसोटीवर दोन ठिकाणांचे परीक्षण येथे करीत आहे. पहिले म्हणजे आमच्या भागात जिल्ह्याच्या ठिकाणी मैदानावर भरणारे बोगदा-मत्स्यालयाचे फिरते प्रदर्शन, आणि दुसरे म्हणजे रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय. पहिल्याचे नाव देत नाही, कारण अशा प्रदर्शनांची नावे दर वर्षी बदलतात, मासे मात्र तेच असतात.

प्रदर्शनाची चांगली बाजू आधी सांगतो. पारदर्शक ॲक्रिलिकच्या कमानीखालून चालताना मासा डोक्यावरून जातो आणि त्याचे पोट, कल्ल्यांची उघडझाप आणि परांची हालचाल खालून दिसते. घरच्या काचपेटीत हे कधीच दिसत नाही. लहान मुले हरखून जातात आणि त्यांनी हरखून जाण्यात काही गैर नाही. परंतु प्रवेशद्वारावरील फलकावर शार्क, डॉल्फिन आणि ऑक्टोपस रंगवलेले, वर ‘समुद्राच्या पोटात एक सफर’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले, आणि आत मात्र जवळपास सगळे मासे गोड्या पाण्यातले! मुख्य आकर्षण असलेला अरापाइमा हा ॲमेझॉन नदीचा मासा. त्याच्या शेजारचा, सुसरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार उत्तर अमेरिकेच्या नद्यांमधला. रेडटेल कॅटफिश आणि ऑस्कर हे पुन्हा दक्षिण अमेरिकेतले, कोई जपानी पैदाशीचे, आणि गुबगुबीत, तोंड पूर्ण न मिटणारा लाल पॅरट मासा तर कोणत्याच नदीतला नव्हे. तो माणसाने केलेला संकर आहे. बाहेर पडणाऱ्या मुलाला काय पाहिलेस असे विचारले, तर ते ‘समुद्र’ असे सांगते, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो.

हेच मासे का, याचे उत्तर व्यवहारात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा हजार लिटरची टाकी खारी करायची, तर सुमारे ३५० किलो क्षारांचे मिश्रण विकत आणावे लागते, आणि मैदान सोडताना ते पाणी ओतून द्यावे लागते. शिवाय माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला काही आठवडे लागतात, आणि खाऱ्या पाण्यातले बहुतेक प्राणी तोवर तग धरीत नाहीत. अरापाइमाचे तसे नाही. तो थेट हवेतून श्वास घेतो आणि त्यासाठी थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येतो. गारलाही हवा गिळून जगता येते. गर्दीच्या, कोंदट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात जे टिकतात, तेच मासे ट्रकमधून गावोगाव फिरू शकतात. तेव्हा प्रदर्शनातील माशांची निवड निसर्गाची ओळख करून देण्यासाठी केलेली नसते, वाहतूक सोसणारे मासे म्हणून ती झालेली असते. हे एकदा लक्षात आले की दोन-अडीच मीटरपर्यंत वाढणाऱ्या त्या अरापाइमाला टाकीच्या टोकाशी वळताना अंग दुमडावे लागते, ते पाहवत नाही. त्यात कर्णकर्कश गाणी चाललेली असतात आणि काचेवर टिचक्या मारणाऱ्यांना कोणी हटकत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण तिचे परिणाम प्रदर्शनाच्या मांडवाबाहेर होतात. बाहेरच्या दालनात हौशी लोकांना पिशवीत घालून मासे विकले जातात. काच साफ ठेवतो म्हणून खपणारा सकर मासा घरी वाढत वाढत हातभर होतो आणि मग दया येऊन कोणी तरी त्याला तळ्यात किंवा नदीत सोडून देतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा मासा भीमेवरील उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. त्याच्या काटेरी, कवचासारख्या अंगामुळे जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. हौसेची किंमत अशा रीतीने भोई समाजाला मोजावी लागते.

रत्नागिरीचे केंद्र हे याच्या अगदी उलट टोक आहे. १९५८ साली स्थापन झालेले हे संशोधन केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, आणि त्याचे मत्स्यालय व संग्रहालय लोकांसाठी खुले असते. येथे बोगदा नाही, रंगीत दिव्यांचा झगमगाट नाही आणि पार्श्वसंगीत नाही. करमणुकीच्या अपेक्षेने आलेला माणूस अर्ध्या तासात बाहेर पडेल. टाकीसमोर थांबण्याची तयारी असणाऱ्याला मात्र अर्धा दिवसही पुरणार नाही. मुख्य म्हणजे किनारा जवळ असल्यामुळे खाऱ्या पाण्यातले, आणि त्यातही आपल्याच किनाऱ्यावरचे प्राणी येथे पाहायला मिळतात.

शेवंडीच्या टाकीसमोर आम्ही सर्वाधिक वेळ उभे होतो. चित्रपटांत आणि खाद्यपदार्थांच्या जाहिरातींत दिसणाऱ्या लॉबस्टरला दोन मोठे नांगे असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला ते नसतात. तिचे संरक्षण करतात ते अंगभर असलेले काटे आणि शरीराहूनही लांब अशा दोन जाड, खरखरीत मिशा. खडकाच्या आडोशाला बसून ती या मिशा बाहेर काढून सावकाश फिरवीत राहते, समोरून काही आले की दोन्ही मिशा एकदम त्या दिशेला वळतात, आणि धोका वाटला तर शेपटीचा एक फटकारा मारून ती क्षणात मागे सरकते. टाकीच्या कोपऱ्यात दुसरी एक शेवंड निपचित पडलेली दिसली आणि ‘मेली वाटतं’ अशी कुजबुज आमच्यात सुरू झाली. काच पुसणाऱ्या कर्मचाऱ्याने हसून सांगितले की ती कात आहे. कवच वाढत नसल्यामुळे शेवंड ते पाठीकडून उकलून त्यातून बाहेर पडते. मिशा, पाय आणि डोळ्यांवरचे आवरणसुद्धा त्या रिकाम्या कवचात जसेच्या तसे राहते. नीट पाहिल्यावर पाठ आणि शेपूट यांच्यामधली फट दिसली, आणि त्या फटीतून पलीकडची वाळूही दिसत होती.

समुद्रकाकडीकडे लोक एक नजर टाकून पुढे जातात. ते स्वाभाविकही आहे, कारण तळाशी पडलेल्या त्या गोळ्यात पाहण्यासारखे काही आहे, असे प्रथमदर्शनी वाटतच नाही. तिचे श्वसन मात्र विलक्षण आहे. ती गुदद्वारातून पाणी आत ओढते, शरीरातील झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्यांमध्ये ते खेळवते आणि त्याच वाटेने बाहेर सोडते. मागच्या टोकाकडे दृष्टी स्थिर ठेवली, तर ती संथ उघडझाप डोळ्यांनी दिसते. आमच्याबरोबरच्या शाळकरी मुलांना हे सांगितल्यावर हशा पिकला, पण त्यानंतर ती त्या टाकीपासून हलेनात. तारामाशाच्या बाबतीत काचेला चिकटलेला नमुना शोधावा, कारण त्याची खालची बाजू तेव्हाच दिसते. प्रत्येक भुजेवर ओळीने असलेले बारीक, पारदर्शक नळीपाय पाण्याच्या दाबाने लांब होतात, टोकाने काच पकडतात आणि सोडतात. वरून दगडासारखा स्थिर दिसणारा प्राणी खालून सतत चाललेला असतो.

सिंहमासा, म्हणजे लायनफिश, कोणत्याही मत्स्यालयाची शान असतो आणि तो येथेही आहे. त्याचे पट्टे आणि पंख्यासारखे पसरलेले पर हे शोभेसाठी नाहीत. परांचा पडदा करून तो भक्ष्याला कोपऱ्यात कोंडतो आणि मग तोंड उघडून एका झटक्यात आत ओढतो. पाठीवरचे काटे विषारी असतात. हा मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागराचा, पण १९८० च्या दशकापासून तो अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर दिसू लागला आणि आता तिथल्या व कॅरिबियन समुद्रातल्या स्थानिक माशांचा फडशा पाडतो आहे. हौशी लोकांनी मत्स्यपेट्यांतून सोडलेल्या माशांपासून हे सुरू झाले, असे मानले जाते. तिकडचा सकर आमच्या भीमेत आणि इकडचा सिंहमासा त्यांच्या समुद्रात, अशी ही परतफेड झाली आहे.

संग्रहालयाच्या भागात पन्नास फुटांहून लांब असा देवमाशाचा सांगाडा आहे. तो आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहावा आणि छायाचित्राची घाई करू नये. देवमासा हा मासा नव्हे, तो फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या बरगड्या व मणके पाहून पटणे निराळे. आमच्यातील एक शेतकरी गृहस्थ बराच वेळ मणक्यांकडे पाहत राहिले आणि ‘हे तर आपल्या बैलाच्या जातीचं काम आहे, माशाचं नाही’ असे म्हणाले. देवमाशांचे पूर्वज हे खूर असलेले, जमिनीवरचे प्राणी होते, असे शास्त्र सांगते. गृहस्थांचे निदान फारसे दूर नव्हते.

आमच्या दृष्टीने खरी ओळख पटते ती शंखशिंपल्यांसमोर. लातूरहून रत्नागिरीला येताना रत्नागिरी–नागपूर महामार्ग तुळजापूरवरूनच जातो, त्यामुळे कवड्यांच्या माळा आम्ही येतानाच पाहिल्या होत्या. कवडी हे एका समुद्री गोगलगायीचे कवच आहे. माळेत ओवलेल्या छोट्या, पिवळसर पांढऱ्या कवड्या परंपरेने मालदीव, लक्षद्वीपकडच्या समुद्रातून येत. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांच्याच कुळातल्या मोठ्या, तपकिरी नक्षीच्या कवड्या सापडतात. दात असलेली जी फट आपण ‘तोंड’ समजतो, ती प्राण्याची खालची बाजू असते आणि तिथून त्याचा सपाट पाय बाहेर येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जिवंत कवडीचे कवच बहुधा दिसतच नाही. दोन्ही बाजूंनी मांसल पदर वर येऊन ते झाकून टाकतात. कवडीला जी झिलई असते, ती कोणी घासून आणलेली नसते. हे पदर सतत नवा थर देत राहतात आणि कवचाला घासटण्यापासून जपतात, म्हणून ती येते. संग्रहालयातले कवच पाहून झाल्यावर ओहोटीच्या वेळी एका जाणत्या स्थानिक माणसाबरोबर खडकांत गेलो, तेव्हा पाणी साठलेल्या एका खळग्यात अशी कवडी पाहायला मिळाली. सुरुवातीला करड्या, केसाळ शेवाळाचा गोळा वाटला. त्या माणसाने बोट लावताच पदर हळूहळू दोन्हीकडे सरकले आणि मधून चकचकीत पाठ उघडी पडली. आधी संग्रहालय पाहिले नसते, तर मी तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो असतो. मत्स्यालयाने किनारा कसा पाहावा हे शिकवले, एवढे एकच कारण या ठिकाणाची शिफारस करायला पुरेसे आहे.

समुद्रफेसाचेही तसेच आहे. तो फेस नव्हे. तो म्हाकुळाच्या, म्हणजे कटलफिशच्या, शरीरातला सांगाडा आहे. हातात घेतला तर अत्यंत हलका लागतो, कारण आत असंख्य बारीक कप्पे असतात आणि त्यांतल्या द्रव व वायूचे प्रमाण बदलून हा प्राणी पाण्यात वरखाली होतो. देवघरातल्या शंखाचा प्राणी कोकणात शोधू नये, तो प्रामुख्याने मन्नारचे आखात आणि कच्छच्या आखातातला; आणि तीर्थक्षेत्री ‘दक्षिणावर्ती’ म्हणून भारी किमतीला गळ्यात मारले जाणारे अनेक शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वेगळ्याच गोगलगायीचे असतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बोंबील जिवंत दिसेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तो इतका नाजूक आणि पाणचट अंगाचा मासा आहे की जाळ्यातून वर येईपर्यंतच त्याचा प्राण जातो. बांगडा आणि तारली हे थव्याने सतत पोहणारे मासे, त्यांनाही छोट्या टाकीत ठेवणे अवघड. २०२३ साली राज्यमासा म्हणून घोषित झालेले सिल्व्हर पापलेटही बाजारातच पाहावे लागते. म्हणून मत्स्यालयाला जोडून सकाळी मिरकरवाडा बंदरावर एक फेरी मारावी. ताज्या बोंबलाचे गुलबट, अर्धपारदर्शक अंग आणि मागे वळलेले सुईसारखे दात तेथे पाहिले, की बाजारातली वाळलेली काडी कशापासून झाली ते समजते.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लातूरपासून अंतर साडेचारशे किलोमीटरांहून अधिक असून शेवटी आंबा घाट उतरावा लागतो, त्यामुळे लहान मुले बरोबर असतील तर कोल्हापूरला मुक्काम करणे सोयीचे. पावसाळ्यात जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि खडकांवर उतरणे धोक्याचे असते. हिवाळ्यात अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास गेल्यास ओहोटी मोठी मिळते आणि मत्स्यालयात पाहिलेले काही प्राणी खडकांत पुन्हा भेटतात. किनाऱ्यावरून किंवा टपरीवरून समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि शंख उचलून वा विकत आणू नयेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना २००१ पासून, तसेच शंखशिंपल्यांच्या अनेक जातींना, वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळ असेल, तर मंडणगड तालुक्यातील वेळासपर्यंत जावे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पिले समुद्रात सोडताना पाहता येतात.

मराठवाड्यातच असे मत्स्यालय का नसावे, हा प्रश्न परतीच्या प्रवासात बरोबरच्या मंडळींनी उपस्थित केला. खाऱ्या पाण्याचे असू नये, असे माझे मत आहे. आमच्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, टाकीचे पाणी थंड ठेवण्यासाठी यंत्रणा अखंड चालवावी लागेल, आणि एक रात्र वीज गेली तर सकाळी मेलेले प्राणी मोजण्याची वेळ येईल. गोदावरी, मांजरा आणि दुधना यांच्या पाण्यातले मासे मात्र आम्हालाच धड माहीत नाहीत. हवा गिळून डबक्यात तग धरणारी मरळ, चिखलात रुतून बसणारी नदीतली वाम, मिशांनी तळ चाचपणारा शिंगाळा, यांच्यासाठी क्षारही लागणार नाहीत आणि ट्रकही. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. जाणकार माणसांची वाण नाही. अशी चार-सहा टाक्यांची जागा झाली, तर रत्नागिरीच्या खालोखाल मी तिची शिफारस करीन.

तोवर हिशेब सरळ आहे. घरात चार-पाच वर्षांची मुले असतील आणि लांबचा प्रवास झेपणारा नसेल, तर मैदानावरचे प्रदर्शन आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी, गर्दी नसताना पाहावे. हे नदीतले मासे आहेत, असे मुलांना आधीच सांगावे आणि बाहेरच्या दालनातून मासा विकत घेऊ नये. मुले चौथी-पाचवीच्या पुढची असतील, तर दोन-तीन वर्षांच्या प्रदर्शनांचे तिकिटांचे पैसे बाजूला ठेवून त्यात थोडी भर घालावी आणि रत्नागिरीची गाडी धरावी.